आधी रीडिंग दाखवा, मग लाखाचं बोला

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी चिपळूणला माध्यमिक शाळेत शिकवते. आमची २०१७ची डिझेल गाडी आहे, १.३ लिटरची, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. सासूबाईंना महिन्यातून दोनदा कराडला दवाखान्यात न्यावं लागतं. मिस्टर बोटीवर असतात, त्यामुळे गाडी मीच चालवते. गेल्या शनिवारी कुंभार्ली घाटात, पोफळी सोडून निम्मा घाट चढल्यावर गाडीचा पिकअप एकदम गेला. इंजिनाचा पिवळा दिवा लागला, मागून काळा धूर. बाजूला घेऊन गाडी बंद केली, पाच मिनिटांनी चालू केली तर नीट चालली. हेळवाकच्या पुढे परत तेच. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून गाडी उचलून न्यायला लावली.

दोन दिवसांनी त्यांनी १ लाख ८२ हजारांचं एस्टिमेट पाठवलं. टर्बो ५८,०००, चार इंजेक्टर ७६,०००, ईजीआर व्हॉल्व्ह १४,५००, ऑइल-फ्लश-डीकार्बनायझिंग ९,५०० आणि मजुरी २४,०००. 'इंजिन उघडल्यावर आणखी खर्च निघू शकतो' असंही म्हणाले. स्कॅनरमध्ये काय आलं असं विचारलं, तर 'इंजिनात प्रॉब्लेम आहे मॅडम, अशीच चालवली तर जॅम होईल, मग आमची जबाबदारी नाही' एवढंच उत्तर. आणि तीन दिवसांत ओके दिलं नाही तर रोजचे ३०० रुपये पार्किंग लागेल. वॉरंटी केव्हाच संपली. भाऊ म्हणतो, आहे तशी विकून टाक. शेजारचे म्हणतात, बाहेरच्या मिस्त्रीला दाखव. गाडीने याआधी कधी त्रास दिलेला नाही, सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. ऑइलही कमी होत नाही. फक्त गेला महिनाभर चढावर जोरात दाबलं की पुढून फुस्स असा आवाज यायचा, पण तो वाऱ्याचा असेल म्हणून सोडून दिला. काय करू?"

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी: एस्टिमेटला अजून होकार देऊ नका आणि गाडी विकूही नका. तीन दिवसांची मुदत त्यांनी घातली आहे, तुमच्या इंजिनाने नाही. गाडी उभी आहे तोवर तिचं काहीही बिघडत नाही.

मी हे बाहेरून बोलत नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून मी चौदा वर्षं एका अधिकृत वर्कशॉपमध्ये काढली. त्यातली पाच वर्षं ज्या टेबलावरून तुम्हाला हा कागद पाठवला गेला, तसल्याच टेबलामागे. नंतर स्वतःचं गॅरेज काढलं. त्यामुळे दोन्हीकडची भाषा मला येते.

तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. गाडी बंद करून चालू केल्यावर नीट चालली. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते. आणि शेवटचं, जे तुम्ही सहज लिहून गेलात: चढावर दाबलं की फुस्स असा आवाज. माझ्यासाठी तुमचं सगळं पत्र या तीन वाक्यांत आहे.

पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा किल्ली फिरवून बऱ्या होत नाहीत. इंजिनाच्या पोटात खरोखर काही मोडलं असतं, तर पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू केल्यावर ती हेळवाकपर्यंत नीट चढलीच नसती. तुमच्या बाबतीत झालं ते असं असावं. गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, अमुक दाबाची हवा मागतो. तेवढा दाब आला नाही, की तो इंजिन सांभाळण्यासाठी स्वतःहून ताकद कमी करतो आणि पिवळा दिवा लावतो. याला लिंप मोड म्हणतात, आमच्या गॅरेजातली पोरं 'गाडी सेफ मोडला गेली' म्हणतात. किल्ली बंद केली की बऱ्याचदा तो पहारा उठतो, गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळते. पुढच्या चढावर दाब पुन्हा कमी पडला की पुन्हा तेच. तुमचं कुंभार्लीत आणि हेळवाकच्या पुढे झालं ते अगदी असंच.

काळा धूर हेच सांगतो. डिझेल जळायला हवा कमी पडली की धूर काळा येतो. ऑइल जळायला लागलं तर तो निळसर दिसतो. कूलंट आत शिरलं तर पांढरा, वाफेसारखा. तुमचं ऑइल कमी होत नाही, धूर काळा आहे. म्हणजे शोध हवेच्या बाजूने सुरू करायला हवा. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ही हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे जाड रबरी होज, त्यांच्या क्लिपा, टर्बोला हुकूम देणारी बारीक व्हॅक्यूमची नळी, दाब मोजणारा सेन्सर आणि जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह.

त्यातही मी सगळ्यात आधी होज बघेन. हा होज मनगटाएवढा जाड असतो, वाकलेला, दोन्ही टोकांना लोखंडी क्लिप. वर्षानुवर्षं उष्णतेत आणि ऑइलच्या वाफेत राहून रबर मऊ पडतं, आणि बहुतेकदा वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे सहज नजर जात नाही, तिथे चीर जाते. गाडी जागेवर नुसती चालू असताना ही चीर मिटलेली असते. बोनेट उघडून वरून बघणाऱ्याला होज धडधाकट दिसतो. तिसऱ्या गिअरला चढावर पाय दाबला की आत दाब येतो, चीर ओठांसारखी उघडते आणि फुस्स आवाज करून हवा बाहेर पडते. तिच्याभोवती ऑइलचा काळा चिकट पट्टा दिसतो, त्यावर धूळ बसलेली असते. बोट फिरवलं की लगेच कळतं. असा होज बदलायला काही हजार रुपये लागतात, लाख नाही.

मी गाडी पाहिलेली नाही. होजच आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही, कारण न बघता निदान करणं हीच तर माझी त्यांच्याबद्दलची तक्रार आहे. पण या लक्षणांवर आधी लाखाचं काम काढायचं आणि हजाराचं नंतर बघायचं, हा क्रम उलटा आहे.

आता तो कागद. सगळ्यात मोठी रक्कम आहे ७६,००० ची, चार इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल. चारच्या चार इंजेक्टर एकाच शनिवारी, एकाच घाटात जायला सबळ कारण लागतं: पाणी मिसळलेलं डिझेल टाकीत गेलं, किंवा फिल्टर वर्षानुवर्षं बदललाच नाही. तसं झालं असतं तर सकाळी गाडी चालू व्हायला रडली असती, जागेवर थरथरली असती, ठोके दिले असते. इंजेक्टर बिघडलाय की नाही हे बघायची एक साधी चाचणी आहे, रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून त्या चार लहान बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा भराभर जमा होतं, तो इंजेक्टर आतून गळतो. चार बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की शाळेतल्या मुलालाही फरक दिसतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे इंजेक्टर काढून, गाडीचे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या टेस्ट बेंचवर लावणं. तिथून छापील रिपोर्ट मिळतो. तुम्हाला बाटल्यांचा फोटो किंवा बेंचचा रिपोर्ट यातलं काहीही मिळालेलं नाही, म्हणजे ७६,००० चा आकडा अंदाजावर उभा आहे. चाचणीत एखादा खराब निघालाच, तर एकच बदला किंवा दुरुस्त करून घ्या. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरावा लागतो, तेवढं मात्र विसरू देऊ नका.

टर्बोचं जरा सांभाळून बोलतो, कारण इथे त्यांची भीती अगदीच पोकळ नाही. टर्बोचं बेअरिंग गेलं असेल तर इंजिनाचं ऑइल हवेच्या वाटेने आत जाऊ शकतं. डिझेल इंजिन ते ऑइल इंधनासारखं जाळून अनावर पळत सुटतं आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. म्हणून टर्बो हाताने तपासून होईपर्यंत गाडी चालवत आणू नका, दुसरीकडे न्यायची तरी उचलूनच न्या. पण तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते. पुढचा पाइप काढायचा, शाफ्ट दोन बोटांत धरून हलवायचा. आडवा किंचित हलला तर चालतं, मागेपुढे हलला किंवा पाती घराला घासली तर टर्बो गेला. खरंच गेला असेल, तरी अख्खी असेंब्लीच लागते असं नाही. आतला फिरता भाग, ज्याला कार्ट्रिज किंवा कोअर म्हणतात, तेवढाच बदलणारे चांगले कारागीर आहेत. आणि एक प्रश्न नक्की विचारा: टर्बो गेला तर कशाने गेला? त्याला ऑइल नेणारी नळी चोंदली असेल आणि तीच साफ केली नाही, तर ५८,००० चा नवा टर्बोही काही महिन्यांत जाईल.

ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने जाम होतो, हे खरं. बहुतेक वेळा तो काढून साफ करता येतो. मोटर जळली असेल तरच नवा लागतो. फ्लश आणि डीकार्बनायझिंगवर सरळ काट मारा.

माझ्या स्वतःच्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. तिने माझ्या कामाची पद्धतच बदलली. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आले होते. त्यांच्या डिझेल गाडीला पिकअप नव्हता, धूर होता. मी स्कॅनर लावला, कोड बघितला आणि टर्बो व इंजेक्टरचं एस्टिमेट काढलं. त्या महिन्याचं टार्गेट डोक्यावर होतं आणि त्या घाईत मी गाडी रस्त्यावर नेऊन चालवून बघितलीच नव्हती. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही ती चढावर ऐकली का?" मग मला शेजारी बसवून ते स्वतः गाडी घेऊन निघाले. काच खाली, रेडिओ बंद. शहराबाहेरच्या चढावर त्यांनी पाय दाबला आणि मला म्हणाले, "ऐका." फुस्स. वर्कशॉपला परत आलो, गाडी लिफ्टवर घेतली. होजला बोटभर चीर. ज्या माणसाने तीस वर्षं घाटात बस चालवली, त्याच्या पेन्शनमधून मी लाखभर रुपये काढायला निघालो होतो. काका काही बोलले नाहीत, होजचं बिल भरलं आणि गेले. त्यानंतर चालवून बघितल्याशिवाय मी एकाही गाडीचं एस्टिमेट काढलं नाही.

याच्या उलटही मी पाहिलंय. एका गिऱ्हाइकाला आम्ही सांगितलं, तळातून ठोका येतोय, बेअरिंग गेलंय, गाडी हलवू नका. त्यांना वाटलं आम्ही लुबाडतोय. ते तशीच घेऊन गेले आणि कात्रजच्या घाटात कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. म्हणून मी 'सर्व्हिस सेंटरवाले सगळे चोर' असं कधी म्हणत नाही. ठोका, ऑइलचा लाल दिवा, टेंपरेचरचा काटा वर जाणं, ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरट थर, यातलं काहीही असेल तर गाडी जागेवर बंद करायची आणि वर्कशॉपचं ऐकायचं. तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

उद्या सर्व्हिस सेंटरला फोन करू नका, लिहून पाठवा. व्हॉट्सॲप किंवा ईमेल, म्हणजे तारीख-वेळेसह कागद राहतो. मजकूर साधारण असा ठेवा: "माझ्या लेखी मंजुरीशिवाय गाडीचं कोणतंही काम सुरू करू नये. जॉब कार्डची प्रत, स्कॅनरमध्ये आलेले सगळे कोड आणि कोड पडला त्या क्षणाचं रीडिंग, रस्त्यावरील चाचणीची नोंद, होजची प्रेशर टेस्ट, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट व टर्बोच्या शाफ्टची तपासणी यांचे निष्कर्ष फोटोसह पाठवावेत. तपासणीचा खर्च आधी कळवावा, तो मी भरेन."

ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे आणि मनापासून लिहा. निदान हेही काम आहे, त्याचे पैसे मागणं रास्त आहे. 'नुसतं बघायचे कसले पैसे?' असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा वर्कशॉप बघण्याचा खर्च पार्ट बदलण्यातून काढतं. दोन-तीन हजार तपासणीला गेले आणि लाख वाचला तर ते महाग नाही.

'इंजिनात प्रॉब्लेम आहे' हे स्कॅनरचं उत्तर नसतं. स्कॅनर कोड देतो. पी०२९९ आला तर त्याचा अर्थ टर्बोचा दाब मागितल्यापेक्षा कमी. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून प्रवाह कमी. पी००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी, आणि तसा आला तर मीसुद्धा आधी डिझेल फिल्टर, पंप आणि इंजेक्टरकडे वळेन. कोड कुठलाही असो, तो कुठे शोधायचं ते सांगतो. पी०२९९ म्हणजे 'टर्बो बदला' असं कुठेही लिहिलेलं नाही, फाटका होजसुद्धा नेमका हाच कोड देतो. पुढे कधीतरी हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊन ठेवा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाइलवर कोड दिसतो. बाई, तुम्ही दहावीला शास्त्र शिकवत असाल तर तुम्हाला त्यातलं लाइव्ह रीडिंग आवडेलही.

एस्टिमेटमध्ये आणखी दोन गोष्टी तपासा. पार्टच्या खोक्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरून असते. एमआरपीवर वेगळा जीएसटी चढवलेला दिसला तर ती चूक आहे, दुरुस्त करून घ्या. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने काढलेला आकडा तर नाही ना, ते बघा. आणि जो पार्ट बदलतील तो जुना पार्ट तुमच्या हातात द्यायचा, हे आधीच लिहून घ्या.

आता बाहेरचा मिस्त्री. शेजारी बरोबर सांगतायत, फक्त कोणाला दाखवायचं ते बघून ठरवा. तुमच्या गाडीतलं इंजिन मूळ फियाटचं असेल, तर ही चांगली बातमी आहे. आपल्याकडे ते एका कंपनीपुरतं कधीच नव्हतं. मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं आणि पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. २०२० साली नवे प्रदूषण नियम आले आणि ते बंद झालं, पण त्याची नस माहीत असलेले कारागीर गावोगाव आहेत आणि पार्ट मिळतात. इंजेक्टर, टर्बो, सेन्सर या वस्तू गाडीची कंपनी सहसा स्वतः बनवत नाही. ज्या कारखान्यातून त्या कंपनीला जातात, त्याच कारखान्याच्या खोक्यात बाजारातही मिळतात. डुप्लिकेटपासून सांभाळा. बिल, पार्ट नंबर आणि सील असलेलं खोकं समोर फोडल्याशिवाय पार्ट बसवू देऊ नका.

मिस्त्री कसा ओळखायचा? गाडी बघायच्या आधी तो तुम्हाला प्रश्न विचारतो. कधी होतं, गरम झाल्यावर की थंड असताना, चढावर की सपाटीला, डिझेल कुठे भरलं, आवाज कसा. तुमचं बोलणं पुरतं ऐकून न घेता जो पान्याला हात घालतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या. आणि पहिल्याच दिवशी 'हेड काढून बघू' म्हणणाऱ्याकडे तर ठेवूच नका. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. ते काढण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट होते, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजतात. चारही सिलिंडरचे आकडे पुरेसे आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर सहसा हेडला हात लावायची गरज नसते.

होज, सेन्सर, ईजीआर एवढंच असेल तर कराड किंवा चिपळूणमधला स्कॅनर असलेला चांगला मिस्त्री पुरेसा आहे. इंजेक्टरचा संशय उरला तर डिझेल पंप सेंटरला टेस्ट बेंच आहे का ते आधी फोनवर विचारून जा. आणि समजा दुर्दैवाने इंजिन खोलायचीच वेळ आली, तर मी कोल्हापूरच्या उद्यमनगरचं नाव घेईन. बोअर, क्रँक, हेडचं फेसिंग ही लेथवरची कामं करणाऱ्या माणसांच्या पिढ्या तिथे आहेत. कराडहून ते काही लांब नाही. जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला कोणी दिला, तर लक्षात ठेवा की इंजिन नंबर बदलतो आणि तो आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो. तसं न करता बसवलेलं इंजिन विम्याला आणि पुढे विकताना गळ्यात येतं.

'बाहेर दाखवलं तर आम्ही पुन्हा हात लावणार नाही' असं तुम्हाला कदाचित ऐकवलं जाईल. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे अशा वाचकांसाठीही हे लिहितो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड केला होता. कारण हेच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू न देणं. पुढे अपिलं झाली, दंडाचे आकडे बदलले. पण त्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. तुमची वॉरंटी संपलेली आहे, म्हणजे तुम्हाला कसलीच भीती नाही.

तरी एक प्रयत्न करून बघा. गाडीच्या सगळ्या सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणी झाल्या असतील, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून 'गुडविल'मध्ये काही मदत मिळते का विचारा. मोठ्या कामात कंपन्या कधीकधी पार्टच्या किमतीतला काही वाटा उचलतात. नऊ-दहा वर्षांच्या गाडीला मिळेलच असं नाही, पण ईमेलला पैसे पडत नाहीत.

पार्किंगच्या ३०० रुपयांचं: जॉब कार्डवर तशी अट छापलेली होती का आणि तुमची सही तिच्याखाली आहे का, ते आधी बघा. नसेल तर लेखी हरकत घ्या. तपासणीचं बिल भरा, पावती घ्या आणि गाडी उचलून न्या. नाहीच सोडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तेवढ्यावरच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रत्नागिरीच्या आयोगाकडे तक्रार करता येते, सर्व्हिस सेंटर कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षं. पण मला वाटतं तिथवर जावं लागणार नाही. नेमके प्रश्न लिहून विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी वर्कशॉप वेगळं वागतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

भावाला सांगा, आज विकली तर सगळ्यात वाईट भाव येईल. इंजिनाचा दिवा लागलेली, वर्कशॉपमध्ये पडलेली गाडी म्हटल्यावर घेणारा त्याच १ लाख ८२ हजारांच्या कागदावर बोट ठेवून किंमत पाडतो. होज किंवा सेन्सर बदलून, पक्कं बिल हातात ठेवून विकलीत तर गोष्ट वेगळी. आणि विकायची तरी का? जी गाडी सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होते आणि १ लाख १२ हजार किलोमीटरनंतर ऑइल पीत नाही, तिचं इंजिन अजून शाबूत असायची शक्यता दांडगी आहे. कॉम्प्रेशनच पडलेलं निघालं आणि खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जायला लागला, तर मात्र मी तुम्हाला विका असंच सांगेन.

सासूबाईंच्या पुढच्या एक-दोन फेऱ्यांना ओळखीची भाड्याची गाडी सांगून ठेवा. गाडी लवकर हवी या घाईत होकार दिला जातो, आणि ती घाई तुमच्यावर येऊ नये असं मला फार वाटतं. आजारी माणसाला घेऊन, एकटीने, बंद पडलेली गाडी घाटात बाजूला घ्यायची आणि डोकं शांत ठेवून पाच मिनिटं थांबून पुन्हा चालू करायची. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते अगदी बरोबर केलंत.

कोडचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा, मी लगेच बघतो. आणि गाडी दुरुस्त होईल तेव्हा मिस्त्रीला बोनेट उघडायला सांगून तो होज नेमका कुठून कुठे जातो ते त्याच्याकडून दाखवून घ्या, खालच्या बाजूने बोट फिरवून बघा. त्यानंतर पहिल्यांदा कुंभार्ली चढाल, तेव्हा पोफळी सोडल्यावर काच खाली करा आणि रेडिओ बंद ठेवा.